स्पीकरला स्वतःचा आवाजच नको म्हणणारे पीटर वॉकर, आणि त्यांच्या स्पीकरचा आवाज जपायला धडपडणारी माणसं

बुलढाणा जिल्ह्यात चिखली घ्या, मेहकर घ्या नाहीतर मलकापूर, वरात निघाली की स्पीकर किती भारी हे एकाच गोष्टीवर ठरतं. छातीत धडधडलं पाहिजे आणि रस्त्यावरच्या घरांची तावदानं थरथरली पाहिजेत. स्पीकर म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

इंग्लंडमधल्या एका माणसाने धंद्याची सुरुवात अशाच मोठ्या आवाजापासून केली होती. सभा-समारंभाला लागणारी लाऊडस्पीकरची यंत्रणा बनवायची, हे त्याचं काम. पुढे त्याच माणसाने असा स्पीकर बनवला जो वरातीत लावला तर पहिल्या गाण्यालाच जळून जाईल. पण घरात शांतपणे ऐकायला बसलं, तर समोर स्पीकर आहे हेच विसरायला होतं.

त्या माणसाचं नाव पीटर वॉकर आणि त्यांच्या कंपनीचं नाव क्वाड. तो स्पीकर १९५७ साली बाजारात आला. त्यातले बरेचसे आज साठी ओलांडलेले आहेत आणि जगभरात लोक ते उघडून, झटकून, दुरुस्त करून पुन्हा वाजवतायत. दुरुस्तीचं हे काम समजून घ्यायचं असेल तर आधी वॉकर समजून घ्यावे लागतात.

वॉकर यांचा जन्म १९१६ चा. वयाच्या विशीत, १९३६ साली, त्यांनी लंडनमध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली. तिचं नाव पुढे अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी असं झालं. आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात प्रभातचा संत तुकाराम लागला. त्याचे एक दिग्दर्शक विष्णुपंत दामले हे प्रभातचे ध्वनिमुद्रकही होते. बोलपट येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. रेडिओ, ग्रामोफोन, सिनेमा, सभा, सगळीकडे माणसाचा आवाज पहिल्यांदाच तारेतून येत होता. तो यायला लागला हेच नवल होतं. तो खरा वाटतो का, हा प्रश्न अजून कुणी फारसा विचारत नव्हतं.

मग युद्ध आलं. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात लंडनमधली जागा गेली आणि वॉकर यांनी बिऱ्हाड हलवलं ते केंब्रिजजवळच्या हंटिंगडन या लहानशा गावात. पुढची सगळी कारकीर्द तिथेच झाली. ध्वनियंत्रांच्या दुनियेत हंटिंगडनचं नाव झालं ते या एका कारखान्यामुळे.

युद्ध संपल्यावर हवा बदलली. लोकांना घरी बसून चांगलं संगीत ऐकायचं होतं. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी रेकॉर्ड आली, दोनेक वर्षांत ती ब्रिटनमध्येही पोचली. १९५५ मध्ये बीबीसीचं एफएम प्रसारण सुरू झालं. म्हणजे घरात येणारा आवाज एकदम स्वच्छ झाला, आणि तो ऐकवणारी यंत्रं मात्र जुनीच राहिली. वॉकर यांनी नेमकं इथे लक्ष घातलं. त्यांचे क्वाड अँप्लिफायर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि गाजले. घरगुती वापराचा दर्जेदार अँप्लिफायर अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून क्वाड हे नाव केलं होतं. ते इतकं रुजलं की १९८३ मध्ये कंपनीनेच ते घेतलं.

पण अँप्लिफायर सुधारला तरी शेवटी आवाज स्पीकरमधूनच बाहेर पडतो, आणि खरी गोची तिथेच होती.

आपण जो नेहमीचा स्पीकर बघतो, त्याची रचना १९२५ च्या सुमारास राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी पक्की केली. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेची गुंडाळी, मागे लोहचुंबक. वीज गुंडाळीत गेली की शंकू पुढे-मागे हलतो. उत्तम कल्पना आहे, शंभर वर्षं चालतेय. पण तिच्यात दोन दोष जन्मापासून आहेत. धक्का बसतो शंकूच्या मधोमध. कडेचा कागद त्याच्यामागून येतो, कधी थोडा उशिरा, कधी वेडावाकडा. शिवाय शंकूला खोक्यात बसवावं लागतं आणि ते खोकंही आपला सूर लावतं. गायिका काही गाते, त्यात थोडा कागद मिसळतो, थोडं लाकूड मिसळतं.

वॉकर यांना हा मिसळलेला भाग काढून टाकायचा होता.

त्यांनी १९४९ मध्ये एक स्पीकर काढला होता, त्यात बारीक आवाजासाठी शंकूऐवजी अगदी हलकी धातूची फीत होती. हलणारी वस्तू जितकी हलकी तितका आवाज स्वच्छ, हे त्यांना तिथे दिसलं. मग आणखी हलकं काय असू शकतं? उत्तर होतं प्लास्टिकचा पडदा, केसाच्या कित्येक पट पातळ. त्याला मधोमध ढकलायचंच नाही. सगळा पडदा एकदम हलवायचा, तोही कशाचाच स्पर्श न करता.

हे कसं जमतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला सोपं आहे. खामगाव-मलकापूरकडे जिनिंगमध्ये कोरड्या हवेत सरकीपासून निघालेली रुई कपड्यांना चिकटून बसते, झटकली तरी सुटत नाही. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. जुन्या डब्ब्याच्या टीव्हीजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहायचे. ही सगळी स्थिर विजेची करामत. वॉकर यांच्या स्पीकरमध्ये पातळ पडद्यावर असाच भार कायम चढवलेला असतो. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ, भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या असतात. गाण्याची वीज त्या पट्ट्यांवर सोडली की एक पट्टी पडद्याला ओढते आणि दुसरी ढकलते. पडदा सगळीकडून सारखा हलतो आणि भोकांमधून आवाज बाहेर येतो. गुंडाळी नाही, लोहचुंबक नाही, खोकंही नाही.

ही कल्पना काही त्यांची एकट्याची नव्हती. राइस आणि केलॉग यांनीसुद्धा शंकूकडे वळण्याआधी असे प्रयोग केले होते. युरोपात काहींनी केले होते, अमेरिकेत आर्थर जॅन्सन यांनी बारीक आवाजापुरता असा स्पीकर बाजारातही आणला होता. अडचण अशी की पूर्वी पुरेसा पातळ आणि टिकाऊ पडदाच मिळत नव्हता. युद्धानंतर प्लास्टिकच्या नव्या फिल्म आल्या आणि दार उघडलं. दुसरी गोष्ट पडद्यावरच्या लेपाची. भार पडद्यावर एका जागेवरून दुसरीकडे धावायला लागला तर आवाज फाटतो. म्हणून लेप असा हवा की वीज त्यातून अतिशय हळू सरकेल आणि भार जिथल्या तिथे राहील. वॉकर यांच्या सोबतीला या कामात थिओ विल्यमसन होते. १९४७ मध्ये त्यांनी आराखडा छापलेल्या अँप्लिफायरमुळे हा माणूस जगभरातल्या हौशी लोकांना आधीच ठाऊक होता.

१९५५ मध्ये वॉकर यांनी हे सगळं वायरलेस वर्ल्ड या मासिकात तीन लेखांत लिहून टाकलं. वस्तू विकायला यायच्या दोन वर्षं आधी! आजची कुठली कंपनी असं करेल, सांगा.

१९५७ मध्ये स्पीकर विकायला आला आणि घराघरात पहिली तक्रार दिसण्यावरून झाली असेल. खाली लाकडी पाय, वर किंचित वाकलेली तपकिरी धातूची जाळी. बघणाऱ्याला ते खोली गरम करायचं हीटर वाटायचं. आत तीन पडदे असतात. मधला बारीक आवाजाचा, दोन्ही बाजूंचे भरदार आवाजाचे. बाजूच्या पडद्यांवर ६००० व्होल्ट, मधल्यावर १५०० व्होल्ट. म्हणूनच या स्पीकरला घरातल्या विजेची वेगळी पिन लावावी लागते. आवाज पुढे जातो तितकाच मागेही जातो, त्यामुळे भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. आणि मोठ्याने वाजवायचं नाही. वॉकर यांच्या स्वतःच्या १५ वॅटच्या अँप्लिफायरवर तो बेतलेला होता.

एवढ्या अटी घातलेली वस्तू कोण घेणार? पण लोकांनी घेतली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळपास तीन दशकं, हे मॉडेल बनत राहिलं आणि सुमारे ५४ हजार नग निघाले. कारण एकच, माणसाचा आवाज. त्यातून कुणी बोललं तर माणूस खोलीत आहे असं वाटायचं. पुढे याला प्रेमाने सत्तावन्न म्हणायला लागले.

आता वॉकर यांचा स्वभाव बघा. ते स्पीकर बनवणाऱ्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांच्यासोबत १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रयोग करायला गेले होते. मंचावर कलाकार प्रत्यक्ष वाजवणार, मग त्याचंच मुद्रण स्पीकरवर लावणार, आणि भरलेलं सभागृह दोन्हींची तुलना करणार. धंदा करणारा माणूस सहसा अशी जोखीम घेत नाही. पण वॉकर यांच्या लेखी कसोटी हीच होती. यंत्राने काही जोडायचं नाही, काही गाळायचं नाही, मूळ आवाजाच्या जास्तीत जास्त जवळ जायचं. कंपनीची जाहिरातही याच अर्थाची असायची.

याच विचारातून ते पुढे ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरकडे वळले. १९७५ चा क्वाड ४०५ हा त्यांनी सहकारी मायकेल अल्बिन्सन यांच्याबरोबर केलेला. त्यात एक छोटा पण अतिशय अचूक अँप्लिफायर मोठ्याच्या चुका निस्तरत असतो. त्याबद्दल १९७८ मध्ये ब्रिटनच्या राणीच्या नावे दिला जाणारा तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एक चाचणी छापून आली. त्यांचा जुना व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर आणि दोन नवे, असे तीन पडद्याआड ठेवून जाणकारांना ऐकवले गेले. कुठला कुठला हे कुणालाही खात्रीने ओळखता आलं नाही. व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो म्हणणाऱ्यांना हे अजून पचलेलं नाही. वॉकर यांच्यासाठी मात्र तो विजय होता. तीनही यंत्रं गप्प बसून काम करतात, हेच त्यांना दाखवायचं होतं.

आणि घाई हा शब्द त्यांना ठाऊक नसावा. सत्तावन्नच्या पुढचं मॉडेल त्यांनी १९६३ मध्ये हाती घेतलं, म्हणून त्याच्या नावात ६३ आहे. बाजारात आलं १९८१ मध्ये. अठरा वर्षं! त्यात पडद्यामागच्या पट्ट्यांवर एकात एक वर्तुळं आहेत आणि मधल्यापासून बाहेरच्यापर्यंत आवाज किंचित उशिराने पोचवला जातो. तळ्यात खडा टाकल्यावर लाटा पसरतात तसा. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज पडद्याच्या साधारण फूटभर मागे असलेल्या एका बिंदूतून येतोय. फिलिप्ससारख्या कंपनीने रेकॉर्डिंग तपासायला हे स्पीकर वापरले.

कारभार पुढे मुलाकडे, रॉस वॉकर यांच्याकडे गेला. १९९५ मध्ये कंपनी विकली गेली, पुन्हा दोनेक वर्षांत हात बदलले आणि आज ती एका चिनी समूहाकडे आहे. पीटर वॉकर डिसेंबर २००३ मध्ये वारले. वय ८७.

माणूस गेला, स्पीकर मागे राहिले. आणि इथून गोष्ट गुंतागुंतीची होते.

स्थिर वीज रुई ओढते तशी धूळही ओढते. टीव्हीच्या काचेवर किती धूळ बसायची आठवतंय ना? या स्पीकरमध्ये धूळ आत जाऊ नये म्हणून पडद्यांच्या बाहेरून आणखी एक तलम आवरण असतं. ते फाटलं की संपलं. धूळ आत जाते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि पडद्यावरचा भार त्या वाटेने झिरपून जातो. आवाज हळूहळू बारीक होतो. कधी कुणी तरी हौसेने मोठा अँप्लिफायर लावतो, मग मधल्या पडद्यात ठिणगी पडते, टक्-टक् आवाज येतो आणि पडद्याला भोक पडतं. शिवाय ६००० व्होल्ट तयार करणारा भाग मेणासारख्या पदार्थात बुडवून बंद केलेला असतो. तो साठ वर्षांत थकतो आणि व्होल्ट अर्ध्यावर आले तरी बाहेरून काही कळत नाही.

जाणकार दुरुस्ती करणारे एक सोपी परीक्षा करतात. गाणं चालू ठेवून स्पीकरची विजेची पिन काढायची. पडदा निरोगी असेल तर गाणं लगेच थांबत नाही, भार टिकून राहतो आणि बराच वेळ वाजत राहतं. लगेच मान टाकली तर गळती आहे. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. पिन काढली तरी आत जीवघेणी वीज शिल्लक असू शकते. घरी कुणाच्या आजोबांच्या खोलीत असा स्पीकर असेल तर यूट्यूब बघून पाना घेऊन बसू नका.

पडदा बदलायचा म्हणजे मधल्या भागाचे रिबीट काढायचे, पट्ट्या वेगळ्या करायच्या, जळलेले डाग साफ करून पुन्हा विजेपासून बंदिस्त करायचे आणि नवी फिल्म ताणायची. सगळी कसोटी या ताणात असते. जास्त ताणली तर खालचा भरदार आवाज जातो. सैल राहिली तर पडदा पट्टीलाच जाऊन चिकटतो. मग लेप. मूळ कारखान्यात नायलॉन प्रकारचा लेप असायचा, ज्यातून वीज जेमतेम सरकते. काही जण सोपं म्हणून ग्राफाइटची पूड घासतात. ती जास्त लागली तर भार एका जागी गोळा होतो आणि पुन्हा ठिणगी. जर्मनीतल्या एका कंपनीने क्वाडची जुनी यंत्रसामग्री विकत घेऊन हे भाग मूळ पद्धतीने बनवायला घेतले, ते याचसाठी.

पण सगळ्यात मोठा वाद हत्यारांचा नाहीच. आवाज जपायचा म्हणजे नेमका कुणाचा जपायचा?

मिरजेत जुना तंबोरा दुरुस्तीला गेला की कारागीर जवारी लावताना त्या तंबोऱ्याचा स्वतःचा आवाज शोधतो. तो बदलला तर मालक नाराज होतो, आणि बरोबरच आहे. तंबोऱ्याला स्वतःचा आवाज असलाच पाहिजे. वॉकर यांना नेमकं उलटं हवं होतं. त्यांच्या स्पीकरला स्वतःचा आवाज असेल तर तो दोष. आज मात्र हजारो लोक सत्तावन्नचा तो खास आवाज तसाच राहावा म्हणून जीव टाकतात. दुसरा गट म्हणतो की वॉकर यांचा हेतू महत्त्वाचा, त्यांची सामग्री नाही. पुढची जाळी काढा, मधल्या पडद्यामागचा नमदा काढा, नवे भाग घाला, आवाज आणखी मोकळा होतो. होतो खरा. पण तो नमदा वॉकर यांनी उगाच ठेवलेला नव्हता, तो काढला की मागे जाणारा आवाज बदलतो आणि सगळा तोल बदलतो.

मला विचाराल तर मध्यममार्ग बरा. जे भाग झिजून आपलं काम सोडतात, जसं की फिल्म, लेप, व्होल्ट बनवणारा भाग, ते बदलावेच लागतात. त्यांना पवित्र मानण्यात अर्थ नाही. पण नवीन भागाने जुन्याइतकंच काम करावं, जास्त नाही. मोठ्या आवाजाने पडदा जळू नये म्हणून संरक्षणाचं छोटं सर्किट बसवतात, तेही चालेल, कारण उद्या काढलं तर स्पीकर होता तसा होतो. जाळी कापली, नमदा फेकला, लाकडाची चौकट तोडली, तर परत येता येत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. १९५७ मध्ये घराघरात स्टीरिओ नव्हता, त्याच्या रेकॉर्ड सर्रास मिळायला लागल्या १९५८ पासून. सुरुवातीला लोक एकच स्पीकर घ्यायचे. दुसरा काही वर्षांनी आला, कधी दुसऱ्याच घरातून. त्यामुळे आज जी जोडी दुरुस्तीला येते त्यातले दोघे अनेकदा सख्खे भाऊ नसतात. एकाचे पडदे जुने, दुसऱ्याचे मध्येच कधीतरी बदललेले. दोन्ही वेगवेगळे मोजून, ताण आणि व्होल्ट जुळवून त्यांना एकमेकांशेजारी उभं करायचं हे कामाचं शेवटचं आणि सगळ्यात वेळखाऊ अंग.

सगळं जोडून झालं की खोलीतले दिवे घालवतात. अंधारात कुठे निळी ठिणगी दिसते का ते बघतात, कान लावून सुस्कारा येतो का ते ऐकतात. काही नसेल तर जाळी बसवायची. मग गाणं नाही, कुणाचं तरी साधं बोलणं लावायचं, दोन्ही स्पीकरवर सारखंच. तो आवाज दोघांच्या बरोबर मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून, यायला हवा. थोडा जरी डावीकडे सरकला तर पुन्हा स्क्रू खोलायचे.